सुग्रीवची लवंगी

भामाबाई गेली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, सुग्रीवच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. आष्टीकडच्या त्या गावानं ते ध्यानात ठेवलं. 'मेंढरामागं फिरून काळीज दगडाचं झालंय,' असं म्हणत लोकांनी त्याच्या दारात यायचं सोडलं. बोलायला कुणी नाही म्हणून तो मेंढरांशी बोले. मेंढरं रवंथ करत राहत.

चटणी संपली तशी एका सकाळी तो उखळापाशी बसला. मिरची लवंगी होती. लवंगेएवढी, झाडावर शेंडा आभाळाकडं करून वाढणारी. अंगात गर नाहीच, नुसतं बी आणि आग. वाळली की आणखी चढते. भामाबाई कुटायच्या आधी तिला तेलाचा हात लावायची. सुग्रीवनं तेल न लावता तशीच कोरडी कुटली. वारं फिरलं आणि पूड त्याच्या डोळ्यांत गेली.

बोंब मारत, चाचपडत तो दारात आला. शेजारची सुभद्राबाई सारवण टाकून धावली.

"अगं बायांनो, या गं! सुग्रीवभाऊला रडू फुटलं!"

"वैनी, मिरची हाय, मिरची!"

"हां रे बाबा, तिच्या हातची चटणी आठवली आसंल."

बाया जमल्या. मनकर्णानं पदरानं त्याचे डोळे पुसले, त्याच पदरानं स्वतःचे पुसले आणि किंचाळली. तिला आवरायला गेलेल्या दोघींनाही तो पदर लागला. घटकाभरात गल्लीत आकांत झाला. पाटील आप्पाराव आले, उंबऱ्यात शिंकले आणि गहिवरले.

"जिल्ह्याचा जुना तालुकदार सायेब गेला तवा बी एवढं कुणी रडलं न्हवतं!"

"पाटील, खरंच मिरची..."

"बोलू नको. मोकळा हो."

कुणी भाकरी आणली, कुणी पिठलं. सगळे तिथंच जेवले. डोळे निवले तरी सुग्रीवनं मिरचीचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात आप्पारावांची चुलती वारली. म्हातारी लई कजाग. घरात कुणालाच रडू येईना. पाटील स्वतः सुग्रीवकडं आले.

"चल बाबा. लोक काय म्हणतील? तुला चांगलं रडता येतंय."

कुणीतरी बोलवायला आलं, याचंच सुग्रीवला बरं वाटलं. नड पडली तर असावी म्हणून त्यानं चिमूटभर लवंगी धोतराच्या सोग्याला बांधली.

म्हातारीला अंगणात निजवलं होतं. माणसं लांब उभी राहून पाऊसपाण्याचं बोलत होती. तिच्याजवळ कुणीच नव्हतं. सुग्रीव तिच्या पायाशी जाऊन बसला, आणि गाठीला हात घालायच्या आधीच त्याला हुंदका फुटला.