समाजसेवकाचा गोटा

रविवारी दुपारी नवरा गोटा करून घरी आला, आणि नऊ महिन्यांच्या बाळाने त्याच्याकडे एकदाच पाहून असा काही टाहो फोडला की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅस बंद करून वर धावल्या.

"काय झालं? पडलं का बाळ?"

"नाही हो काकू," बायको म्हणाली. "बाबा आले."

गोटा काही उकडतंय म्हणून केलेला नव्हता. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काम करणारी एक संस्था होती. औषधांनी मुलांचे केस जातात, त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून मोठ्यांनीही डोकी भादरून घ्यायची आणि मुलांसाठी केसांचे टोप जमवून द्यायचे, असा तिचा साधा, चांगला उपक्रम. पण चांगल्या गोष्टीची माती कशी करावी हे या माणसाकडून शिकावं! महिनाभर हा रोज संध्याकाळी 'मीटिंग'ला. आणि मीटिंगमध्ये ठरायचं काय, तर गोटा करताना कॅमेरा डावीकडे असावा की उजवीकडे. रंगाच्या कंपनीत तो विक्री विभागात होता, आणि तिथला सगळ्यात देखणा माल म्हणजे आपला चेहरा, असा त्याचा ठाम समज होता. न्हाव्याचा हात त्याने तीनदा थांबवला. एकदा डोळे मिटले गेले, एकदा मागे कोणी शिंकलं, आणि एकदा म्हणे चेहऱ्यावर त्याग नीट दिसत नव्हता.

"दोनशे बारा लोकांनी पाहिलं!" तो फोन नाचवत म्हणाला.

"दोनशे तेरावं पाहून रडतंय. त्याला घे आधी."

बायकोला उद्याची काळजी होती. दुसऱ्या दिवशी सोमवार. चष्म्याच्या कारखान्यात भिंगं तपासायच्या टेबलावर तिला नऊच्या ठोक्याला हजर व्हायचं होतं. रजा संपली होती. आणखी एक दिवस जरी मागितला, तर तिच्या खुर्चीवर बसवलेली नवी मुलगी तिथेच कायम होईल, असं सुपरवायझर बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. पाळणाघर पुढच्या सोमवारपासून. हा आठवडा नवरा रजा घेऊन बाळ सांभाळणार, असं ठरलं होतं. आणि बाळ तर त्याच्या सावलीला उभं राहायला तयार नव्हतं.

नवऱ्याने टोपी घातली. बाळाने ती ओढली, खालून पुन्हा गोटाच निघाला आणि रडणं दुप्पट झालं. मग त्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला. तो वाकला, टॉवेल सुटून बाळाच्या तोंडावर पडला.

"तुम्ही दाराआड उभे राहा आणि नुसता आवाज द्या," काकूंनी सुचवलं. "बापाचा आवाज ओळखेल की."

नवरा दाराआड गेला, त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "नमस्कार मित्रांनो!"

काकूंनी कपाळावर हात मारला आणि त्या खाली निघून गेल्या.

कोपऱ्यात एक खोकं होतं. ऑफिसातल्या लोकांनी जमवलेले पाच टोप त्यात होते. ते बुधवारीच संस्थेत पोहोचवायचे होते, पण खोकं देतानाच्या फोटोत आपला गोटा हवा म्हणून ते घरीच पडलं होतं. नवऱ्याची नजर तिकडे वळली.

"हात लावू नकोस!" बायको कडाडली. "ते आजारी मुलांचं आहे. थोडी तरी लाज बाळग."

पण सोमवारी सकाळी ती बाळाची पेज गाळून बाहेर आली, तर दोन वेण्यांचा एक टोप घालून नवरा बाळासमोर बसलेला. आणि बाळ गप्प! आश्चर्याने गप्प होतं की दयेने, कोण जाणे. बायकोने घड्याळाकडे पाहिलं, सव्वाआठ वाजले होते. तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिला स्वतःचीच चीड आली.

तेवढ्यात बेल वाजली. नवऱ्याने खिडकीतून खाली पाहिलं होतंच.

"संस्थेच्या बाई! सत्कार करायला आल्या! मी म्हटलं नव्हतं?" म्हणत त्याने तसंच जाऊन दार उघडलं.

दारात संस्थेच्या बाई होत्या आणि त्यांच्याबरोबर शाळेच्या गणवेशातली, डोक्याला रुमाल बांधलेली नऊएक वर्षांची मुलगी. तिने त्याला वेण्यांपासून पायापर्यंत नीट पाहिलं.

"काका, तो माझा आहे."

"बुधवारपासून पाच फोन केले तुम्हाला," बाई म्हणाल्या. "दर वेळी तुमचं एकच, फोटोवाला मिळत नाहीये. हा वेण्यांचा टोप हिच्यासाठी ठरलाय, आणि सात महिन्यांनी आज ही शाळेत जातेय. म्हटलं, आपणच जाऊन घेऊन यावं."

नवऱ्याने टोप उतरवला, आणि बाळाने पुन्हा भोकाड पसरलं. मुलगी टोप घेऊन आरशापुढे गेली आणि तिने रुमाल सोडला. तिचं डोकंही तसंच, तुळतुळीत. बाळ एकदम थांबलं. तिच्याकडे टकामका बघत राहिलं, आणि खुदकन हसून त्याने दोन्ही हात तिच्याकडे पसरले.

"हे काय?" नवरा दुखावून म्हणाला. "हिला बरं घाबरत नाही!"

"टकलाला कशाला घाबरेल?" मुलगी म्हणाली. "तुम्हाला घाबरतंय. ओळखत नसेल."

महिनाभर जे बायकोच्या ओठावर होतं, ते या पोरीने दोन मिनिटांत सांगून टाकलं होतं.

"माझा भाऊ पण असाच करायचा," ती टोपाचा मागचा पट्टा आवळत म्हणाली. नवऱ्याच्या डोक्याने तो पार सैल झाला होता. "मी खूप दिवस दवाखान्यात होते ना. मग मी रोज खाली बसायचे आणि त्याला माझ्या डोक्यावर तबला वाजवू द्यायचे. बसा खाली."

नवरा खाली बसला. बाळ रांगत आलं, थबकलं, आणि त्याने त्या गोट्यावर एक सणसणीत चापट ठेवून दिली. मग दुसरी. मग ते खिदळायलाच लागलं.

"अगं, फोटो! लवकर फोटो काढ!"

बायकोने त्याचा फोन उचलला आणि सरळ आपल्या पर्समध्ये टाकला.

"खिमटी डब्यात आहे. दुपटी दोरीवर. काही लागलं तर खालून काकूंच्या फोनवरून कर," ती चपला घालत म्हणाली. साडेआठ वाजत होते. बाईंनी खोकं उचललं आणि तिघी जिना उतरू लागल्या.

वरून चापटांचा आवाज येत होता. "अरे हळू! अरे, बाबा आहे मी तुझा!" असं कोणीतरी विनवत होतं.

दुसऱ्या मजल्यावर पर्समध्ये फोन टिणटिणला. मग पुन्हा.

"काकू, काकांचा फोन वाजतोय," मुलगी वेणी मागे टाकत बायकोला म्हणाली.

"वाजू दे, बाळा. काका आज कामात आहेत."