गावंडे जमादारांचे गुरुवार

गावंडे जमादारांना कागदावरची कोरी जागा सहन होत नसे. एमएसडब्ल्यूच्या पहिल्याच परीक्षेत त्यांनी उत्तरपत्रिकेतली प्रत्येक रिकामी जागा तिरप्या रेघा ओढून बंद केली, पानापानाखाली सही केली आणि 'मानसिक आघाताचे परिणाम' या प्रश्नाच्या उत्तराखाली लिहिलं, 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' परीक्षकाला तो तितकासा बरोबर वाटला नाही. पण तसं लिहायला त्याला जागाच उरली नव्हती.

या रेघांमागे चौतीस वर्षांची नोकरी होती. आमच्या वऱ्हाडात पोलीस हवालदाराला जमादार म्हणतात. गावंडे अकोला जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ठाण्यांत रायटर होते, म्हणजे लोकांचे जबाब आणि पंचनामे लिहून घेणारे. कोऱ्या जागेत मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून ती बंद करायची, हा तिथला शिरस्ता. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेल्यांनी घराला रंग दिला, रिद्धपूर-कौंडण्यपूरची यात्रा करून आले आणि मधुमेहाची औषधं सुरू केली. हे मात्र पुढच्या जूनमध्ये अमरावतीच्या आमच्या समाजकार्य महाविद्यालयात दाखल झाले. रोज अकोल्याहून रेल्वेने बडनेरा, तिथून ऑटोने कॉलेज. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. पत्नी वारल्याला बरीच वर्षं झाली होती.

मी या महाविद्यालयाचा ग्रंथपाल. पुस्तकं फारशी कोणी नेत नाही, त्यामुळे माणसं वाचायला भरपूर वेळ मिळतो. जमादारांचा पहिला अर्ज माझ्याकडेच आला. 'समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, मला पुस्तकांची गरज आहे.' असा जबाब माझ्याकडे त्याआधी एकाही विद्यार्थ्याने नोंदवलेला नव्हता. मी तो जपून ठेवला आहे.

त्यांचं एक वाक्य कॉलेजात फार गाजलं. कोणी काहीही ठामपणे सांगितलं की ते पेनाचं टोपण काढत आणि अगदी नम्रपणे विचारत, "लिवू काय तसं?" बस्स. समोरचा माणूस लगेच निम्म्यावर यायचा. कँटीनवाला म्हणाला, "चहा आत्ताच केला."

"लिवू काय तसं?"

"सकाळचा हाय जमादार. उकळला आत्ता."

वर्गातली पोरं त्यांना काका म्हणत, आणि एकमेकांच्या थापा तपासून घ्यायला त्यांच्याकडे नेत.

आता विभागप्रमुख मॅडमबद्दल सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाला ट्रॉमा सापडला. त्याआधी आमच्याकडे दारिद्र्य होतं, पण दारिद्र्यावर परिषदा भरेनात. मॅडमनी विशेष अभ्यासक्रम सुरू केला, फाटकावर फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेली एक बाई होती. तिचे केस सोनेरी होते. अमरावतीच्या उन्हात ती दोन महिन्यांत पार फिकी पडली. तिच्यापुरता तरी ट्रॉमा कमी झाला, असं मी मानतो.

जमादारांच्या पहिल्या वर्षी, सत्राच्या उद्घाटनाच्या भाषणात मॅडम म्हणाल्या, "आमचा विभाग हा पीडितांचा आवाज आहे."

मागच्या रांगेतून शांतपणे आलं, "मॅडम, लिवू काय तसं?"

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. मॅडमना विनोद कळत नाही असं नाही. त्यांना तो लक्षात राहतो.

दुसऱ्या वर्षी फील्डवर्कची वाटणी झाली. शहरातल्या एका महिला आधारगृहात एक तरुण बाई होती. चार महिन्यांपासून ती कोणाशीच बोलत नव्हती. मॅडमनी ती जमादारांना दिली. पोलिसाला लोकांना बोलतं करायची सवय असते, हा त्यांचा तर्क. आधारगृहाच्या अधीक्षिका कुरकुरल्या, पण कॉलेजचं पत्र होतं. दर गुरुवारी, दिवसाढवळ्या, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आपल्या नजरेसमोर बसायचं, या अटीवर त्यांनी परवानगी दिली. सोबत मॅडमनी चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली दिली. प्रत्येक प्रश्नापुढे शून्य ते चार असे चौकोन. 'त्या प्रसंगाची आठवण किती वेळा येते?' एका चौकोनात खूण करायची.

जमादारांची फील्डवर्कची वही तपासणीनंतर ग्रंथालयात जमा व्हायची, म्हणून मी ती वाचली. एवढी लहान वही आमच्याकडे पूर्वी आली नव्हती.

'गुरुवार. अकरा वाजून दहा मिनिटांनी हजर. बाई अंबाडीची भाजी निवडत होत्या. मी पण निवडली. विचारपूस नाही.'

'गुरुवार. तुरीच्या शेंगा सोलल्या. बाईंनी माझ्या टोपल्यातली किडकी शेंग काढून टाकली. विचारपूस नाही.'

'गुरुवार. लसूण. विचारपूस नाही.'

असे अकरा गुरुवार. खाली मॅडमचा लाल शेरा, 'डेटा कुठे आहे?'

बाराव्या गुरुवारी जमादार दुपारी ग्रंथालयात आले, माझ्या टेबलावरचा तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायले आणि म्हणाले, "बोलली."

"काय बोलली?"

"बोलली म्हणतो ना, साहेब."

वहीत त्या दिवसाची नोंद होती, 'गुरुवार. मेथी.'

यापुढे जे झालं त्यात माझा हात आहे. स्टाफरूममध्ये माझ्या बोलण्याला लोक हसतात आणि मला ते आवडतं. त्या संध्याकाळी मी 'गुरुवार. मेथी'चा किस्सा रंगवून सांगितला. बाई बोलली, आणि जमादारांनी भाजीची नोंद केली! सगळे हसले. फक्त मॅडमचा कप ओठांजवळ थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जमादारांना बोलावलं. वही घेऊन मलाही.

"गावंडे, सोमवारपर्यंत पूर्ण केस रेकॉर्ड हवं. तिच्याच शब्दांत. परिषदेत मांडायचं आहे. नाव अर्थात गुप्त ठेवू."

"थे लिवलेलं नाई माह्याजवळ, मॅडम."

"मग आठवून लिहा."

"आठवते सारं. म्हणूनच नाई लिवत."

"मग मी गुण कशावर देऊ?"

"नका देऊ."

मॅडमनी चष्मा काढला. "कमाल करता. आयुष्यभर तुम्ही हेच तर केलंत ना? लोकांचं लिहून घेतलंत."

जमादारांनी खिशातल्या पेनाचं टोपण घट्ट लावलं. ते उठून दाराकडे निघाले. मी त्यांना ग्रंथालयात आणून बसवलं.  तिथे ते आपणहून बोलायला लागले.

"एक पोरगी होती, साहेब. कॉलेजात जाणारी. तिचा जबाब म्या घेतला, चार घंटे. लय चांगला लिवला होता. साहेबानं पाठ थोपटली. पण ती बोलली होती तिच्या बोलीत. अर्धं बोलली, अर्धं रडली. म्या लिवलं आमच्या ठाण्याच्या भाषेत. सदर इसमाने अमुक, सदर इसमाने तमुक. कोर्टात त्याच्या वकिलानं एक एक ओळ वाचून इचारलं, हे तुम्ही बोलल्या काय? ती म्हणे, नाही, असं मी नाही बोलली. दर ओळीले तेच. खरंच सांगून राहिली होती ना, बाप्पा! असं नोतीच बोलली ती. म्या बोललो होतो."

"मग?"

"थो सुटला. जबाब खोटा ठरला म्हणजे पोरगी खोटी ठरली. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिनं माह्याकडं पाह्यलं. शिवी देली असती तर बरं झालं असतं."

"आणि तुम्ही?"

"माही बदली झाली. बढतीवर."

कपाळावरचा घाम त्यांनी रुमालाने टिपला. "म्हटलं, कसं ऐकावं थे इथं शिकवत असतील. इथं बी फारमच हाय, साहेब. चौसष्ट प्रश्नांचा."

एरवी मी यावर काहीतरी चुरचुरीत बोललो असतो.  ही बातमी मॅडमपर्यंत कोणी नेली, हेही मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

परिषद थाटात झाली. दीपप्रज्वलन, रोपं, शाली. मॅडमनी निबंध वाचला, 'मौनाधारित हस्तक्षेप: आघातग्रस्तांसोबतची एक नवी पद्धती'. त्यात अंबाडी होती, तुरीच्या शेंगा होत्या, किडकी शेंग तर दोनदा होती. टाळ्या पडल्या. ज्या पद्धतीचे शोधक म्हणून मॅडमचा सत्कार झाला, त्याच पद्धतीसाठी गावंडे फील्डवर्कमध्ये नापास झाले. विद्यापीठाच्या नियमानुसार त्यांना वर्ष पुन्हा करावं लागणार होतं. जुलैतल्या नव्या वाटणीत त्यांना वृद्धाश्रम मिळाला. तोवर चालू असलेलं आधारगृहाचं परवानगीपत्र रद्द. पत्राशिवाय तिथे पुरुषाला फाटकाच्या आत घेत नाहीत, आणि घेऊही नये. एका गुरुवारी ते पत्र नसतानाच गेले होते. अधीक्षिकांनी हळहळून सांगितलं, "जमादार, नियम तुमाले मी काय सांगू?" ते परत फिरले. नापास झाल्याबद्दल त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. पण त्या दिवशी दुपारची गाडी चुकवून माझ्यासमोर नुसते बसून राहिले.

ऑगस्टमध्ये ग्रंथालयात फोन आला. आधारगृहाच्या अधीक्षिका होत्या. "गावंडे जमादार कुठं असतात आता? आमची ती बाई इचारून राहिली. चार गुरुवार झाले, रोज तेच. पत्राचं तिले काय सांगू?"

"काय विचारते?"

"तिच्याच तोंडचं सांगते. म्हणते, भाऊ काहून येऊन नाई राहिले? बिमार हाय काय?"

मी म्हणालो, रजेवर आहेत म्हणून सांगा.

त्या संध्याकाळी मी ऑटोने बडनेऱ्याला गेलो. जमादार फलाटावरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो आणि फोनचं सांगितलं. तिचं वाक्य होतं तसंच, एकही शब्द न बदलता.

त्यांनी मांडीवरचा डबा बाकावर ठेवला.

"तुमी काय सांगितलं?"

"रजेवर आहेत म्हणून सांगा, म्हटलं."

"बरं केलं." मग, माझ्याकडे न पाहता, "भाऊ म्हटलं काय तिनं?"

"हो."

"मले तिनं आजपावेतो कायनंच हाक मारली नोती."

अकोल्याची गाडी आली. लोक चढले, गाडी निघून गेली. जमादार उठले नाहीत. त्यानंतरचीही त्यांनी जाऊ दिली.