हिरवा दिवा आणि एक 'पण'

आमच्या पार्सल कंपनीचं नेटवर्क बंद पडूच शकत नाही, असं मी लेखी द्यायला तयार होतो. 'होतो' हा शब्द नीट वाचा!

त्याचं असं आहे, मुख्य ऑफिसापासून शाखेपर्यंत मी दोन लाइनी घेतल्या होत्या. त्याही दोन वेगळ्या कंपन्यांच्या! एक मेली तर दुसरी तयार, यंत्र आपोआप तिच्यावर वळणार. शिवाय रोज सकाळी दहाच्या ठोक्याला मी शाखेत फोन करायचो. तिथे माझा मेहुणाच कारकून आहे.

"दोन्ही लाइनींचे दिवे हिरवे?"

"हिरवेच आहेत भाऊजी, पण—"

"बस्स!"

फोन खाली, वहीत बरोबरची खूण. दोन वर्षांत एकही फुली नाही! आता मेहुणा म्हटला की 'पण' आलाच. ऐकत बसलं तर सासरवाडीतल्या प्रत्येकाची तब्येत विचारावी लागते.

नेटवर्कप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा मी साहेबांना प्रात्यक्षिकच दाखवायचं ठरवलं. ही जागा मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. त्या सकाळी मी शर्टाला इस्त्री करत होतो आणि बायको शेजारी उभी राहून काहीतरी सांगत होती. मी मनात भाषण घोकत होतो आणि मधूनमधून "हं" म्हणत होतो. संसाराला एवढं पुरतं.

अकरा वाजता साहेब आणि सहा खातेप्रमुख यंत्रांच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. भिंतीवरच्या पडद्यावर शाखेच्या मॅनेजरबाई बोलत होत्या.

"साहेब, यातली कुठलीही वायर उपटा! बाईंचं वाक्यसुद्धा तुटणार नाही!"

साहेबांनी पहिल्या लाइनीची निळी वायर धरली आणि अशी हिसडली, की टोकावरची प्लास्टिकची क्लिप तुटून त्यांच्याच बुटावर पडली.

पडद्यावर बाई थिजल्या. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला.

"बघा, चित्र किती स्थिर आहे!" मी म्हणालो.

"श्वास घेतायत का त्या?"

"लक्ष देऊन ऐकतायत, साहेब!"

एवढ्यात माझा मोबाइल वाजला. मेहुणा!

"भाऊजी, इथे सगळं ठप्प झालंय! काउंटरवर चाळीस माणसं पार्सलं घेऊन उभी आहेत!"

"अशक्य! दुसऱ्या लाइनीचा दिवा बघ!"

"हिरवाच आहे, पण—"

"अरे, पण काय?" दोन वर्षांत मी पहिल्यांदाच विचारलं.

"तो दिवा फक्त आपल्या डब्यापासून कोपऱ्यावरच्या, लाइनवाल्या कंपनीच्या पेटीपर्यंतचं सांगतो. पेटीच्या पुढे दोन महिन्यांपूर्वी रस्ता खणला ना, तेव्हाच आपली वाट तुटलीय. त्यांचा माणूस सांगून गेला. तुमच्या यंत्राला ते कळायला हवं होतं म्हणे!"

कळायला हवंच होतं. दर दहा सेकंदांनी पलीकडच्या टोकाला हाक मारायची आणि उत्तर आलं नाही तर बोंब ठोकायची, अशी सोय त्यात होती. सारखी कटकट नको म्हणून मीच ती बंद केली होती! मग यंत्र तरी काय करणार? त्याने आपल्या बाजूचा हिरवा दिवा पाहिला आणि शाखेचं सगळं काम मेलेल्या लाइनीत ओतत बसलं. माझ्याच वळणावर गेलेलं!

निळी वायर परत खोचली, तर क्लिपेविना ती निसटायला लागली. नवी वायर येईपर्यंत पाऊण तास मी ती अंगठ्याने दाबून उभा होतो.

पडद्यावर बाई हलल्या. "ऐकू येतंय का? मी मघापासून यांचं कौतुक करतेय!"

"साहेब, मग त्या जागेचं..." मी अंगठा न हलवता विचारलं.

"काळजी नको," साहेब गोड हसले. "त्या जागेसाठी माझ्याकडे दुसरी लाइन तयार आहे."

संध्याकाळी मी तणतणतच घरात शिरलो. "तुझ्या भावाला दोन महिने ठाऊक होतं! सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही फोन आपटता, म्हणून त्याने मला सांगितलं. मी तुम्हाला तीनदा सांगितलं. आज सकाळीसुद्धा! म्हटलं, दुसरी लाइन मेलीय, कुणाला वायर उपटू देऊ नका."

"मग मी काय म्हणालो?"

"हं."

दुसऱ्याच दिवशी मी यंत्रातली ती सोय पुन्हा सुरू केली. त्याच दिवसापासून ती घरातही सुरू झाली आहे. बायको बोलता बोलता मध्येच थांबते आणि विचारते, "सांगा, काय म्हणाले मी?" उत्तर आलं नाही, की बोंब!

यंत्रातली निदान बंद तरी करता येत होती.