झिपरूनानांचा वीतभर बर्फ

आमच्या झिपरूनानांना कुठलीही उतरती जमीन दाखवा, तिच्यावर किती बर्फ लागेल ते नाना उभ्या उभ्या सांगत. शेताचा बांध असो, नदीची दरड असो की तोरणमाळचा घाट असो. चढून चढून आमची जीभ बाहेर आलेली असायची आणि नाना कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "हाई बाजूले कंबरभर लागी. नुसता धोंडाच धोंडा शे. तठे वर, तलावकाठले, वीतभर पुरी जाई."

हे सगळं पश्चिम खानदेशात. आमचं गाव धानोऱ्याच्या अंगाला. चैत्रात दुपारी अंगणात अनवाणी पाऊल टाकलं तर माणूस आपोआप नाचायला लागतो, असा आमचा मुलूख. आम्ही बर्फ पाहिला तो नंदुरबारला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी, एखाद्या श्रीमंताघरच्या लग्नात सरबताला आणलेली. तो आभाळातून पडतो यावर आमच्या निम्म्या गावाचा विश्वास नव्हता. उरलेल्या निम्म्या गावाचा नानांवर नव्हता.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. भिंतीला भिंत लागून घर. तरुणपणी ते एका जंगलसाहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेबाला एक नाद. थंडीत रजा काढायची, काश्मिरात गुलमर्गला जायचं आणि पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून डोंगर उतरायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवण त्याला चालत नसे, म्हणून नानाही बरोबर. सकाळी चहा झाला की नानांनी बांबू घेऊन उतारावर फिरायचं, जागोजागी खुपसायचा आणि बर्फ कुठे कुठवर आहे ते साहेबाला सांगायचं.

तिथे नानांना जे ज्ञान झालं ते त्यांनी गावाला आयुष्यभर फुकट वाटलं. खाली कुरण असेल तर वीतभर बर्फावरही फळी सुरेख पळते. झुडपं आणि तोडलेल्या झाडांचे खुंट असतील तर गुडघाभर हवा. धोंडे असतील तर कंबरभर, आणि तरी एखादा धोंडा फळीला चाटून जायचाच. डोंगराच्या धारेवरचा बर्फ वारा उडवून नेतो आणि खोलगटात नेऊन टाकतो. उन्हाकडे तोंड केलेल्या उतारावर तो टिकत नाही. हे सगळं सांगून झालं की बोट वर करून नाना आपलं ठरलेलं वाक्य म्हणत, "बरफ कितला पडना ते इचारू नको. खाले काय शे, ते इचार!"

हे वाक्य त्यांनी कुठे वापरलं नाही ते सांगा. माझ्या चुलत बहिणीसाठी शहाद्याकडचं एक स्थळ पाहायला आम्ही गेलो. तांब्या-पितळेची भांडी चकचकीत, ओटीवर गालिचा, नवऱ्या मुलाच्या हातात घड्याळ. आमची मंडळी विरघळली. नाना मात्र गोठ्यात गेले. परत आले ते टोपी झटकत. म्हणाले, "चाला. वर बरफ मोप शे, खाले धोंडा शे." बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या म्हणे. जे आपल्या बैलाला पोटभर घालत नाहीत ते आपल्या पोरीला काय घालणार? बहीण मग साध्या घरात पडली. ओटीवर गालिचा नाही, पण गोठ्यात बैल असे की शिंगाला हात लावायला भीती वाटावी. आज ती सुखात आहे आणि नानांना बापापेक्षा जास्त मानते.

साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याने नानांना दोन वस्तू दिल्या. एक जुन्या फळ्यांचा जोड, पुढून होडीच्या नाकासारखा वर वळलेला, आणि एक जाड लोकरी धाबळी. फळ्या नानांनी देवघरापाशी भिंतीला टांगल्या. एकदा पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं आणि पलीकडच्या वरातीतल्या बायका अडकल्या, तेव्हा त्या फळ्यांचा पूल झाला. नाना काठावर उभे राहून ओरडत होते, "ओ बाई! मधमां पाय नका ठेवू, तठे सायेबना पाय ऱ्हास!"

गावाला या सगळ्याची गंमत वाटे. पारावर लोटनदाजी म्हणून आमचा एक फटकळ म्हातारा बसायचा. नाना दिसले की त्याची सुरुवात.

"नाना, आवंदा बरफ कव्हय येई?"

"येई तव्हय येई."

"आन तू खरंच घसरना व्हता का रे? का तुन्हा हातमाईन सायेबना चहाच घसरना?"

पार हसायचा. नाना हसायचे नाहीत. "घसरनू ना! वारासारखा घसरनू," असं म्हणून ताडताड घरी जायचे. त्यांना बायको राहिली नव्हती, मूलबाळ नव्हतं. शेत होतं, पोटाला पुरत होतं. गावाकडून त्यांना एकच गोष्ट हवी होती. झिपरू खरंच घसरला होता, असं गावाने एकदा तोंडाने म्हणावं.

त्यासाठी त्यांनी गावामागची टेकडी धरली. दरवर्षी शेतीची कामं आटोपली की नाना टेकडीवर जात आणि धोंडे वेचत. मोठे धोंडे पहारीने ढकलत, खुंट मुळासकट उपटत. लोक विचारत, "नाना, हाई कसासाठे?" नाना म्हणत, "खाले साफ पाहिजे. मंग थोडामां काम व्हई." वर्षं गेली आणि त्या टेकडीची एक बाजू नुसत्या कुसळी गवताची झाली. गुरं चारणारे नानांना दुवा देऊ लागले. बर्फ तेवढा आला नाही.

आता माझ्याविषयी. मी आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. आणि हे मी न विचारता सांगतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मॅट्रिक झालो तेव्हा वडील पुण्याला पाठवायला कचरत होते. घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, मोठ्या घरच्या पोरांत हा टिकणार कसा? नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, एखादी टेकडी पाहावी तसं. म्हणाले, "याना खाले कुरण शे, भाऊ. वीतभर बरफ पुरी. जाऊ दे त्याले." आणि साहेबाची धाबळी आणून माझ्या वळकटीवर ठेवली. पुण्याच्या चार थंड्या मी त्या धाबळीत काढल्या. इंग्रजी बोलताना माझी बोबडी वळायची, पोरं हसायची. मग रात्री ती अंगावर ओढून घ्यायची आणि म्हणायचं, खाली कुरण आहे.

पास होऊन आलो तेव्हा गावाने शाळेत माझा सत्कार केला. हार घालून झाले, गुरुजी बोलले आणि एकदम नाना उठले. "पोऱ्या बीए व्हयना. त्यानी खुशीमां मी सोमवारले टेकडीवरथून घसरसू. कुसळं वाळनात. सारं गाव या!"

लोटनदाजी मागून म्हणाला, "घसरना ते मी आखा गावसमोर सांगसू, झिपरू खरा. नही घसरना ते फळ्या मन्ही चूलमां!"

"कबूल!"

सोमवारी सकाळी नानांनी मला लवकर वर नेलं. गवत त्यांनी ओंडका फिरवून सगळं उताराच्या दिशेने लोळवलं होतं. उन्हात ते तुपासारखं चमकत होतं. नाना फळ्यांच्या वाद्या आवळत होते.

"नाना, बऱ्याच वर्षांनी ना? जपून."

नाना खाली बघत म्हणाले, "बीए, तुले सांगस. मी कधीच घसरनू नही."

मी वाद्यांवरची नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं.

"तठे सायेब घसरे तव्हय मी खालेच उभा ऱ्हाऊ. हाई धाबळी लीसन. सायेब खाले उना का त्याना आंगवर टाकानी, चहा देवाना. वर जाय, नाना, एक डाव तू बी घसर, आसं मात्र कोनी सांगं नही." मग धाबळी माझ्या हातात दिली. "खाले कोनीतरी उभं पाहिजे. नही ते मानूस कोनाकडे घसरी?"

मी धाबळी घेऊन खाली जाऊन उभा राहिलो. गाव जमलं होतं. नानांनी वरून देवाचं नाव घेतलं आणि निघाले.

खरं सांगतो, सुरुवातीला ते वाऱ्यासारखे आले. टोपी उडाली, धोतराचं शीड झालं, बायकांनी पदर तोंडाला लावले. मग उताराच्या मध्ये जो खोलगट भाग आहे तिथे वाऱ्याने गवताची गंजी करून ठेवली होती. फळ्या तिथे थांबल्या. नाना थांबले नाहीत. उरलेली टेकडी ते लोळत आले आणि थेट माझ्या पायांपाशी पोचले, अंगभर कुसळं टोचलेली, साळिंदरासारखे. मी धाबळी त्यांच्या खांद्यावर टाकली.

लोटनदाजी पुढे आला. "घसरना रे झिपरू! गाव साक्षी शे. गुलमर्गले बी आसाच घसरना व्हता ना?"

हो म्हणाले असते तर संपलं असतं. आयुष्यभर मागितलेलं दारात येऊन उभं होतं. नाना उठून बसले, मिशीतलं कुसळ काढलं.

"नही, दाजी. तठे मी खाले उभा व्हतू. घसरनू ते आठेच, मन्हा गावमां. पहिला डाव."

कुणी हसलं नाही. लोटनदाजीने फळ्या गोळा केल्या, धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि म्हणाला, "ह्या चूलमां नही जावाच्या." मग पोरांवर खेकसला, "अरे, चहा आना कोनी!"

चहा आला. दोन घोट घेतले आणि नाना उठले. फळ्या माझ्यापुढे ठेवल्या.

"आते तू."

"मी? नाना, मला नाही येत."

"माले तरी कोठे येत व्हतं? खाले मी साफ करेल शे. जाय वर."

बी. ए. झालेल्या माणसाला गावासमोर नाही म्हणता येईना. वर गेलो, वाद्या आवळल्या. मग खाली पाहिलं. सगळं गाव एका बाजूला सरकलं होतं आणि उताराच्या टोकाशी नाना एकटे उभे होते. अंगावरची कुसळं तशीच, आणि दोन्ही हातांवर धाबळी उघडून धरलेली.