एकशे एक कुरडयांचा राखणदार

"काळजीच सोडा. उद्या वाळवणाची राखण माझ्याकडं," काकासाहेबांनी रात्रीच्या जेवणात जाहीर केलं. "एक कुरडई जरी कमी भरली, तर नावाचा काकासाहेब नाय."

द्वारकाबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. नवऱ्याच्या अशा घोषणा त्यांनी छत्तीस वर्षं ऐकल्या होत्या. पण या वेळी प्रश्न साध्या वाळवणाचा नव्हता. लेकीचं, दीपमालाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं आणि रुखवतात एकशे एक अखंड कुरडयांचा मनोरा मांडू, असं द्वारकाबाई लासूर स्टेशनच्या विहीणबाईंना बोलून बसल्या होत्या. विहीणबाई रुखवत नुसतं बघत नाहीत, बोट लावून मोजतात, असं ऐकिवात होतं.

मोजण्यात काकासाहेबही कमी नव्हते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला. समोर आलेला बोल्ट फिरवून फिरवून बघायचा, वहीत लिहायचं आणि विचार करता करता खिशातले फुटाणे तोंडात टाकायचे, हा त्यांचा शिरस्ता. मार्चमध्ये ते निवृत्त झाले. आता गावात तपासायला काय उरलं? मग शेंद्र्याजवळच्या आपल्या घराच्या परसात, लिंबाखाली खुर्ची टाकून ते पाखरं तपासू लागले. कारखान्यासारखीच वही, तसेच आखलेले रकाने: नाव, रंग, आवाज, खाणं, वेळ, शेरा. बुलबुलाच्या शेपटीखाली लाल ठिपका असतो, हे पाहिलं त्या दिवशी त्यांना मनापासून लाज वाटली होती. जन्म या परसात गेला आणि हे आपल्याला आज कळावं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारच्या बानाबाई आपला सोऱ्या घेऊन हजर झाल्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेली ही बाई, पण कुरडई घालावी तर तिनंच. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक द्वारकाबाईंनी शिजवला, बानाबाईंनी सोऱ्या फिरवला आणि दोन बाजांवरच्या जुन्या लुगड्यांवर एकशे आठ गोल, पांढऱ्याशुभ्र कुरडया उमटल्या.

"सात वरच्या घातल्यात," बानाबाई म्हणाल्या. "एखादी मोडंल, एखादी चिमणी नेईल."

"चिमणी कशी नेईल? मी हाये ना," काकासाहेब म्हणाले.

त्यांनी खुर्ची एका बाजेला अगदी चिकटवली. उजव्या हातात पेन, मांडीवर वही, डाव्या हाताशी कुरडया. समोर पाखरांसाठी पाण्याचा परळ भरून ठेवला.

"राखणदारच चोरांना पाणी पाजायला लागला तर कसं व्हायचं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आल्याशिवाय ओळखू कसं मी त्यांना?" काकासाहेब म्हणाले. यावर द्वारकाबाई आत निघून गेल्या.

पाखरं आली. आधी सातभाई आले. काकासाहेबांनी मोजले, तर सहा. पुन्हा मोजले, तर नऊ. सगळे खाली पाचोळा उलथत होते आणि एक मात्र कुंपणावर बसून सारखा मान वळवत होता. पाळीपाळीनं पहारा करतात की काय हे? काकासाहेब तासभर त्याच प्रश्नात बुडाले. मग साळुंकी आली आणि बाजेच्या कडेवरून साहेब फेरी मारतो तशी चालत गेली. तिनं कुरडईला चोचही लावली नाही. मुंग्या तेवढ्या टिपल्या.

अकराच्या सुमारास कावळा उतरला. त्यानं सरळ एक कुरडई उचलली. काकासाहेबांनी काठी उगारली आणि तशीच धरून ठेवली. कारण कावळा कुरडई घेऊन परळाकडे गेला, ती पाण्यात बुडवली, मऊ होऊ दिली आणि मग खाल्ली. दात नसलेल्या माणसानं चहात पाव बुडवावा, अगदी तसं! काठी खाली ठेवून त्यांनी घाईघाईनं लिहिलं, 'कावळा भिजवून खातो. कमाल आहे.'

बाराला त्यांनी मोजणी केली. एकशे चार. एक कावळ्याची धरली, तरी तीन कुठं गेल्या? दोनला पुन्हा मोजलं. सत्त्याण्णव.

काकासाहेबांनी वहीची पानं मागं चाळली. पाखरं तर सगळी नजरेखाली होती. मग आत-बाहेर कोण गेलं? दीपमाला शहरात खरेदीला गेली होती. द्वारकाबाई चुलीपाशी होत्या. तेवढ्यात कुरडया उलटवायला बानाबाई आल्या. दोनदा उलटवून गेल्या होत्या, ही तिसरी खेप. कारखान्याच्या फाटकावर सगळ्यांची झडती व्हायची, मोठ्या साहेबांचीसुद्धा. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. त्याच सवयीनं काकासाहेब बोलून गेले.

"बानाबाई, जाताना पदर जरा झटकता का? नियम म्हणून."

बानाबाईंनी पदर सोडला, झटकला, पुन्हा खोचला. धुऊन ठेवलेला सोऱ्या उचलला आणि घरी गेल्या.

द्वारकाबाईंनी हे दारातून पाहिलं. "अहो, काय केलंत हे? माझ्या बाळंतपणात रात्र रात्र बसलेली बाई ती."

"पण चार कमी पडत्यात रुखवताला."

"पुन्हा घालाव्या लागतील. अन् घालणार कोण? तिच्यावानी हात गावात कुणाचा नाय. लेकीच्या रुखवतात आता काय मांडू मी, तुमची वही?" काकासाहेब खुर्चीवर बसले आणि चोर पकडायचाच म्हणून आणखी डोळे ताणून पाखरं बघू लागले. द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या.

तासाभरानं काकासाहेब परळासाठी पाणी घेऊन आले, तर वहीत नवी नोंद होती. अक्षर द्वारकाबाईंचं.

'नाव: माहीत आहे, लिहीत नाही. रंग: गव्हाळ, डोक्यावर टक्कल. आवाज: खाताना कुडकुड, मग "कमाल आहे". खाणं: अर्धी वाळलेली कुरडई. वेळ: अडीच, पावणेतीन, तीनला दोन. शेरा: उजव्या हातानं लिहितं, डाव्या हातानं खातं. या हाताचं त्या हाताला कळत नाही.'

काकासाहेबांनी हळूच मिशीवरून बोट फिरवलं. बोटाला कुरडईची पांढरी काडी लागली.

ते तसेच बानाबाईंच्या दारात गेले. वही उघडली आणि ती नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. "लई चुकलं."

बानाबाई शेळीला पाला टाकत होत्या. हातातला पाला संपवला. मग म्हणाल्या, "भाऊ, खिसे झटका."

काकासाहेबांनी खिसे उलटे केले. अंगणात कुरडईचा चुरा पडला आणि बानाबाईंच्या कोंबड्या धावत आल्या. तेव्हा कुठं बानाबाई हसल्या. "गहू भिजवा म्हणावं. परवाच्या परवा येते. पण गहू वाटायचे तुम्ही, अन् चीक हाटायचा बी तुम्हीच."

काकासाहेबांनी दोन्ही केलं. हाताला फोड आले, पण चवथ्या दिवशी बाजेवर नव्या पंचवीस कुरडया झळकल्या. बानाबाईंनी खुर्ची बाजेपासून दहा पावलं लांब ठेवली आणि काकासाहेबांच्या डाव्या हाताशी फुटाण्यांची वाटी ठेवली. "हे राखणदाराचं. तिकडं हात न्यायचा नाय."

त्या दिवशी काकासाहेबांनी खरोखर निश्चय केला. कुरडई नाही आणि फुटाणाही नाही. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला. संध्याकाळी कुरडया मोजल्या, तर पंचवीसच्या पंचवीस. रुखवत वाचलं होतं. फक्त फुटाण्यांची वाटी रिकामी होती.

"कावळ्यानं नेले," काकासाहेब सांगू लागले. "एकेक फुटाणा परळात भिजवला अन् खाल्ला. या डोळ्यांनी बघितलं मी. शेवटचा आत्ताच नेला."

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. द्वारकाबाई परळापाशी जाऊन वाकून बघून आल्या. परळात नुसतं पाणी होतं.

"भाऊ," बानाबाई शांतपणे म्हणाल्या, "उपरणं झटका."

काकासाहेबांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं. काहीच पडलं नाही, तरी दोघी हसतच राहिल्या. मग वही उघडून कावळ्याच्या नावापुढे शेऱ्यात लिहिलं, 'साक्षीदार नाही.'