सायकलचा वाकडा कान

दुमिंगकाका माणसाकडे आधी एक डोळा मिटून बघतात. पहिल्या भेटीत मलाही तसंच न्याहाळलं आणि म्हणाले, "भांग अर्धा सूत डावीकडे गेलाय तुझा." मी आगाशीला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो होतो. चावी हातात पडायच्या आधी मुकाट्याने भांग बदलला.

सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून काकांचा उभा जन्म गेलेला. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू अर्धा सूत चुकलेली आहे, यावर त्यांची गाढ श्रद्धा. एकदा भर मिस्सात उठून वेदीवरची मेणबत्ती सरळ करून आले. फादर प्रवचन थांबवून बघतच राहिले. काका म्हणाले, "चालू द्या, आता बरोबर हाय."

नेमकी अशा माणसाची सायकल मी पाडली. स्कूटर मागे घेताना धक्का लागला आणि मुलीने त्यांना हौसेने घेऊन दिलेली गियरची सायकल उजव्या अंगावर धाडकन आपटली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी ती उभी केली आणि चक्क पळालो.

संध्याकाळी बघतो तर काका अंगणात सायकल उलटी करून बसलेले. मागचा गियर ज्या चिमुकल्या कानावर लटकतो, तो कान आत वाकला होता आणि चेन स्पोकमध्ये अडकत होती.

"मीच नीट उभी केली नसणार," काका म्हणाले. "वय झालं."

तेव्हाच बोललो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? पण मी विचारलं काय, तर "काही मदत करू?" शी! आजही लाज वाटते.

काकांची पद्धत घरगुती. गियर सोडवून कानाच्या भोकात एका जुन्या चाकाचा आस पिळून बसवायचा. मग सायकलचं चाक आणि हे जुनं चाक यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं दिसेपर्यंत जुनं चाक हळूहळू ओढायचं. "जोर करू नको. हे ॲल्युमिनियम, लोखंडासारखं माफ करत नाय."

चाक धरायचं काम माझं. रोज संध्याकाळी काका डोळा मिटून बघणार, "अजून अर्धा सूत," म्हणणार आणि उद्या बोलावणार. वर चहा आणि वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "गुणी पोरगा हाय!"

आठव्या दिवशी मी चाक सोडलं. "काका, सायकल मी पाडली. स्कूटरने. आणि सांगायची हिंमत झाली नाही."

"म्हाईत हाय. खिडकीत उभा होतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायला वाट करून दिली तुला. तू मदतीला बसलास." काका जुन्या चाकावरची धूळ पुसत राहिले. "कान तर पहिल्याच दिवशी सरळ झाला."

"मग आठ दिवस मी काय धरून बसलो होतो?"

"तुझी काकी गेल्यापासून संध्याकाळचं इथे कोण बसत नाय रे. म्हटलं, कबूल केलंस की यायचा बंद होशील."

मला मान वर करवेना. आठही संध्याकाळी, कधी एकदा सुटतो म्हणून मी त्यांच्यासमोर घड्याळ बघत होतो.