बेबीला हाक

उत्कर्षाचा पाय मुरगळला होता, तिचा नवरा जयदीप चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेला होता, आणि बेबी दाराशी बसून कुंईकुंई करत होती. घरात धडधाकट पायांचं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे उत्कर्षाचे सासरे अर्जुनराव.

"बाबा, नदीकाठच्या ट्रॅकवर फक्त एक चक्कर मारून आणा. नाहीतर ही इथंच करेल हं."

"म्या? कुत्रं पट्ट्याला धरून? गाव काय म्हनंल, सूनबाई?"

बेबी ही नातीची, तनुजाची लॅब्रॅडॉर. नाव बेबी, अंगानं रेडकू. तनुजा शिकायला नागपूरला गेली तेव्हा बेबीनं अन्नच सोडलं. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. शेवटी अर्जुनरावांनी दुधात भाकरी कुस्करली आणि मांडी घालून तिला हातानं भरवली, तेव्हा कुठं ती खाऊ लागली. त्या दिवसापासून ती त्यांच्याच कॉटखाली झोपायची. पण ही गोष्ट घराबाहेर कुणाला कळू नये, याची अर्जुनराव फार काळजी घेत.

त्याला कारण होते त्यांचे मित्र सोपानराव. चऱ्होलीच्या देवळापुढं बसून, कुत्री फिरवणाऱ्या सोसायटीवाल्यांची सगळ्यात जास्त टिंगल हे सोपानराव करायचे. "आरं, मानूस कुत्र्याला फिरिवतंय का कुत्रं मानसाला?" आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं अर्जुनराव हसायचे.

ते टोपी कपाळावर ओढून निघाले. ट्रॅकच्या पेव्हर ब्लॉकवरून बेबी त्यांना ओढत होती आणि तेही, खरं सांगायचं तर, मजेत होते. कडेनं इंद्रायणी होती. पण जलपर्णी इतकी दाट माजली होती की पाणी कुठलं आणि गवत कुठलं ते कळेना. एवढ्यात वळणावरून सोपानराव येताना दिसले.

अर्जुनरावांनी बेबीचा पट्टा झटकन बाकाच्या पायाला गुंडाळला आणि स्वतः पलीकडच्या बाकावर जाऊन नदीकडं बघत बसले.

"राम राम, अर्जुना! आज हिकडं कुठं?" सोपानराव शेजारी टेकले. तेही जरा घाईतच वाटले.

"आसंच. हवा खायला."

बेबीनं अर्जुनरावांकडं बघून एक लांब सूर लावला.

"कुनाचं रं हे?"

"मला काय म्हाईत!"

तेवढ्यात पळायला आलेली एक मुलगी थांबली. "काका, ही कुणाची आहे?" आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. अर्जुनरावांनी तर दोनदा हलवली. मुलीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे कुणीतरी बांधून सोडून गेलंय! कसली माणसं असतात हो!"

"फोडून काढली पायजेत," सोपानराव म्हणाले.

"व्हय... फोडूनच," अर्जुनरावांनी दुजोरा दिला.

मुलीचं नाव वर्षाली. तिनं तिथल्या तिथं फोन लावला. निगडीला तिची मैत्रीण असली बेवारस कुत्री सांभाळायची. "गाडी निघालीये," तिनं जाहीर केलं, आणि जमलेल्या चार माणसांनी तिचं कौतुक केलं. अर्जुनरावांच्या कपाळाला घाम फुटला. गाडी यायच्या आत सोपान घरी गेला तर बरं! पण सोपानराव काही हलेनात. उलट ते सारखे मागं वळून बघत होते.

वर्षालीनं पाणी पाजायला बेबीचा पट्टा बाकापासून सोडून हातात धरला. बेबी थेट अर्जुनरावांकडं गेली, पुढचे दोन्ही पाय त्यांच्या मांडीवर ठेवले आणि त्यांची हनुवटी चाटली.

"च्यायला, हिचा तर जीव बसला तुझ्यावं!" सोपानराव म्हणाले.

"हाड!" अर्जुनराव ओरडले. "हाड, हाड!"

आजवर त्यांनी तिला हाड म्हटलं नव्हतं. बेबी मागं सरली. तिनं कान पाडले, त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि वर्षालीच्या हातातून पट्टा ओढून घेत उतारावरून चालू लागली. समोर हिरवंगार दिसत होतं. ते गवत समजून तिनं पाय टाकला आणि गळ्यापर्यंत आत गेली.

"बेबी!"

अख्ख्या ट्रॅकनं माना वळवल्या. अर्जुनराव चप्पल टाकून उतारावरून धावत होते. "बेबी! माझी बाय ती! चुकलं माझं, ये गं, ये बेबी!"

ते कमरेइतक्या पाण्यात शिरले, गळपट्ट्याला धरून तिला ओढलं आणि दोघं काठावर येऊन पडले. बेबीनं अंग झाडून त्यांचा उरलासुरला कोरडा भागही भिजवला.

"काका," वर्षालीनं विचारलं, "तुम्हाला हिचं नाव कसं माहीत?"

"माझीच हाय ती," अर्जुनराव धापा टाकत म्हणाले. "ह्या सोपानाला लाजलो, पोरी. आता फोडून काढ मला."

वर्षालीनं आधी फोन करून गाडी परत पाठवली आणि मग स्वतःचा नॅपकिन बेबीच्या अंगावर टाकला. अर्जुनराव सोपानरावांच्या हसण्याची वाट बघत होते. पण सोपानराव खाली मान घालून उभे होते.

"अर्जुना," ते हळूच म्हणाले, "तुला लांबनं बघितलं आन् म्याबी आमचं मागल्या लिंबाला बांधून आलोय."

"तुमचं काय बांधलंस?"

"सुनेचं कुत्रं. रोज म्याच आनतो."

सगळे लिंबाकडं गेले. बुंध्याला सोपानरावांचं उपरणं लोंबत होतं. कुत्रं नव्हतं.

सोपानरावांचा चेहरा पांढरा पडला. "एवढंसं हाय रं ते. रस्त्यावर गेलं आसंल तर?"

"आरं मंग हाक मार की!"

सोपानरावांनी तोंड उघडलं. इकडंतिकडं पाहिलं. चालणाऱ्या बायकांचा मोठा घोळका नेमका जवळ आला होता. त्यांनी तोंड मिटलं.

"नाव काय त्याचं?" अर्जुनरावांनी विचारलं.

सोपानराव त्यांच्या कानात पुटपुटले. अर्जुनरावांच्या मिशा थरथरल्या, पण ते हसले नाहीत. त्यांनी ओला हात मित्राच्या खांद्यावर ठेवला.

"चल, दोघं मिळून मारू."

आणि नदीकाठच्या त्या भल्या सकाळी गावची दोन जुनी माणसं, एक कोरडं आणि एक ओलं, छातीत श्वास भरून एका सुरात ओरडली,

"जानूऽऽऽ!"